शेकाचे माप

मराठी घरांत ‘शेक’ हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो की त्याखाली किती वेगवेगळ्या क्रिया सामावल्या आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. तव्यावर परतलेल्या खड्या मिठाची पुरचुंडी गुडघ्यावर टेकवणे, तापवलेल्या विटेवर रुईची पाने पसरून त्यांवर टाच दाबून धरणे, निर्गुडीचा पाला उकळून त्या पाण्याची धार पोटरीवर सोडणे, बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवणे आणि रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती पांघरुणात पायाशी घेऊन झोपणे, या साऱ्यांना एकच नाव आहे. नाव एक असल्यामुळे त्यांचे गुणदोषही एकच मानले गेले, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका ज्या पायांना रक्त पुरेसे पोचत नाही अशा पायांना बसला. घरगुती शेकाचा इतिहास पाहताना असे दिसते की जुन्या पद्धतींत उष्णतेचे माप बऱ्याच अंशी साधनातच अंगभूत होते. साधने सोयीची होत गेली तसे ते माप निसटले, आणि विसाव्या शतकातील शरीरक्रियाशास्त्राला, म्हणजे जिवंत शरीराचे व्यवहार कसे चालतात हे तपासणाऱ्या शास्त्राला, ते नव्याने शोधून काढावे लागले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय सगळाच स्वेदनाविषयी आहे. स्वेदन म्हणजे घाम येईल अशा रीतीने शरीराला ऊब देणे, आणि ते स्नेहनानंतर, म्हणजे तेलातुपाने शरीर स्निग्ध करून घेतल्यावर, करावयाचे असते. अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार तेथे सांगितले आहेत. त्यांत धान्य, वाळू किंवा पाला तापवून कापडात बांधलेल्या पुरचुंडीचा ‘संकर’ आहे, नळीने वाफ सोडण्याचा ‘नाडी’ आहे, औषधी काढ्याची धार धरण्याचा ‘परिषेक’ आहे, त्याच काढ्याने भरलेल्या पात्रात बसण्याचा ‘अवगाह’ आहे, आणि खाटेखाली खड्डा खणून त्यात धूर नसलेले निखारे भरण्याचा ‘कर्षू’ही आहे. बाजेखालची शेगडी पाहिलेल्या मराठी वाचकाला हा शेवटचा प्रकार परका वाटणार नाही. ‘जेंताक’ नावाच्या प्रकारात तर पाणवठ्याजवळ गोल घर बांधून त्याच्या मध्यभागी भट्टी पेटवण्याचा तपशील इतक्या बारकाईने दिला आहे की तो वैद्यापेक्षा गवंड्याला उद्देशून लिहिला असावा असे वाटते. याखेरीज अग्नीवाचून घाम आणणारे दहा उपाय आहेत, आणि त्यांत व्यायाम, जाड पांघरूण, उबदार खोली व ऊन यांच्या बरोबरीने भूक, भीती, राग आणि झुंज यांचाही समावेश आहे. रागाला उपचारांच्या यादीत बसवण्यामागे विनोद नसून निरीक्षण आहे, कारण या परंपरेत ऊब कोठून आली यापेक्षा तिने शरीरात काय घडवले याला अधिक महत्त्व होते. सुश्रुताने हाच पसारा ताप, ऊष्म, उपनाह आणि द्रव अशा चार गटांत आवरला. कोरडी उष्णता, वाफ, बांधलेला लेप आणि गरम द्रव अशी ती विभागणी आजच्या वाचकालाही लगेच समजते.

या अध्यायातील सर्वांत मोलाचा भाग मात्र प्रकारांच्या यादीत नाही, मर्यादांच्या निर्देशात आहे. थंडी व वेदना शमल्या, ताठरपणा व जडपणा गेला, अंग मऊ पडले आणि घाम आला की शेक थांबवावा, म्हणजे थांबण्याची खूण घटकापळांत नव्हे तर रुग्णाच्या शरीरात शोधावी, असे तेथे सांगितले आहे. सर्व अवयवांना सारखी ऊब देऊ नये, हृदय, डोळे व वृषण यांना ती अगदी सौम्य द्यावी किंवा देऊच नये, जांघांना मध्यम द्यावी, असा भेदही केला आहे. त्यापुढे ज्यांना स्वेदन वर्ज्य आहे अशांची लांबलचक यादी येते, आणि तिच्यात गर्भिणी, रक्तपित्ताचे म्हणजे रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेले रुग्ण, अतिसाराचे रुग्ण यांच्याबरोबर मधुमेहीही आहेत. चरकाच्या काळचा मधुमेह आणि आजचा मधुमेह यांत बरोबरीचे चिन्ह घालणे घाईचे ठरेल, आणि मधुमेह्याच्या पायांतील संवेदना बोथट होतात म्हणून हा निषेध आहे, असेही तो ग्रंथ म्हणत नाही. तरीही पायांच्या शेकाच्या इतिहासात ही नोंद डोळ्यांआड करण्यासारखी नाही. वातरक्त या विकाराची गोष्टही अशीच आहे. हातापायांच्या सांध्यांपासून सुरू होणाऱ्या या दुखण्याला आजचे अभ्यासक बहुधा संधिरोगाचा एक प्रकार समजतात, तर काही वैद्य त्याची सांगड पायांच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या, बंद होण्याच्या रोगाशी घालतात. कोणताही अर्थ घेतला तरी चिकित्सास्थानात या रुग्णाला दिवसा झोपणे, व्यायाम आणि उष्ण-तिखट पदार्थ यांच्याबरोबर ‘संताप’ही, म्हणजे तापणे, टाळायला सांगितले आहे.

ग्रंथातील हे निषेध घरापर्यंत पोचले नाहीत; घरी पोचली ती कृती. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात आणि परसात शेकाचे सगळे साहित्य हाताशी होते. खडे मीठ, वाळू, कोंडा, ओवा, आळशीचे पोटीस, एरंडाची, रुईची व निर्गुडीची पाने, वीट, तवा आणि चुलीतला विस्तव एवढ्यावर काम भागत असे. एरंडेल चोळून वर गरम पान बांधणे हा स्नेहन-स्वेदनाचा क्रम होता, पण तो पाळणाऱ्या बाईला ते शब्द ठाऊक असण्याची गरज नव्हती. दुखण्याला तिच्या लेखी एकच नाव होते, आणि ते म्हणजे वात. गुडघ्याची झीज, कमरेतून टाचेपर्यंत उतरणारी कळ, मुरगळलेला घोटा, पोटरीतला गोळा आणि गार पडलेला पाय ही सगळी वाताचीच रूपे मानली गेल्यामुळे सर्वांवर उपायही एकच, शेक. त्याच घरात उलट दिशेचा उपायही नांदत होता. तळपायांची आग होऊ लागली की तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासले जात, तळवा काळा पडला म्हणजे उष्णता उतरली असे मानले जाई, आणि काशाचा तुपाशी संयोग होऊन तो काळेपणा येतो ही गोष्ट कोणाच्या गावी नसे. ज्या पायाला संध्याकाळी वीट लावायची त्याच पायाची रात्री उष्णता काढायची, यात घरातील कोणालाही विसंगती वाटत नसे.

तरीही या घरगुती पद्धतीत एक सुरक्षितता होती, आणि तिचे श्रेय सहसा कोणी देत नाही. मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी लवकर निवते. ती पुन्हा तव्यावर ठेवावी लागते आणि दर वेळी शेकणारी व्यक्ती ती आधी आपल्या हाताच्या पाठीवर किंवा गालाला लावून पाहते. पुरचुंडी एका जागी दाबून न धरता टेकवत, उचलत, सरकवत शेकण्याची रीत असल्यामुळे त्वचेवरील एका जागेला सलग फार उष्णता मिळत नाही. शिवाय दोन माणसांच्या संवेदना, एकाची देणाऱ्या हातात आणि दुसऱ्याची घेणाऱ्या पायात, एकमेकींना ताळ्यावर आणत असतात. उष्णतामापक घरोघरी नव्हता त्या काळात हेच उष्णतामापक होते. त्याची मर्यादा एवढीच होती की घेणारा पाय बधिर असेल तर दोहोंपैकी एक निकामी होई, आणि मग सारा भरवसा देणाऱ्या हातावर राही.

महाराष्ट्रातील उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, हा त्याच स्वेदनाचा सार्वजनिक अवतार म्हणता येईल. ‘ऊन पाणी’ या शब्दप्रयोगातील ‘ऊन’ रायगडातील पालीजवळच्या उन्हेऱ्यात, दापोलीच्या उन्हवऱ्यात, राजापूरच्या उन्हाळ्यात, जळगावकडील उनपदेवात आणि किनवट भागातील उनकेश्वरात कायमचा वस्तीला राहिला आहे. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथील कुंडांत वाताचे आणि कातडीचे रोगी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. या कुंडांना देवस्थानाची जोड असल्यामुळे तेथील स्नानाला आपोआप शिस्त लागली. पाणी सोसेल इतके निववून घेतलेल्या कुंडातच उतरायचे, ठरावीक बुडी मारायची आणि बाहेर यायचे. गळ्यापर्यंतच्या गरम पाण्यात सर्व शरीर एकदम तापते, एकटा दुखरा पाय नव्हे, हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता, पण तो त्या वेळी कोणी वेगळा काढून पाहिला नव्हता.

पायाला रक्त कमी पोचणे हा स्वतंत्र रोग आहे ही ओळख वैद्यकात उशिरा आली, आणि ती प्रथम माणसाच्या नव्हे तर घोड्याच्या पायावरून आली. १८३१ मध्ये फ्रान्समधील पशुवैद्य बुले यांनी अशा एका घोडीची हकिगत लिहिली जी उभी असताना धडधाकट दिसे, पण धावू लागली की मागच्या पायांनी लंगडू लागे आणि थोडी थांबली की पुन्हा पूर्ववत होई. शवविच्छेदनात तिच्या मागच्या पायांकडे जाणारी रोहिणी बुजलेली आढळली. १८५८ मध्ये फ्रेंच वैद्य शार्को यांनी हेच चित्र माणसात दाखवले. चालताना पोटरी भरून येते, पाय उचलवत नाही, दोन मिनिटे थांबले की ती सुटते आणि पुन्हा तितकेच अंतर चालले की पुन्हा भरते, ही तक्रार मराठी मुलखातही अनोळखी नव्हती, फक्त तीही वाताच्या खात्यात जमा होत होती. पुढे १८७९ मध्ये फॉन विनिवार्टर यांनी आणि १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील लिओ बर्जर यांनी तरुण पुरुषांच्या पायांतील लहान-मध्यम रोहिण्या सुजून बंद होण्याचा रोग वर्णिला. बर्जर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा रोग तंबाखूशी घट्ट बांधलेला आहे, आणि विडी ओढणाऱ्या कष्टकरी पुरुषांत तो भारतात विशेष दिसतो. सिन्नर, सोलापूर, कामठी, गोंदिया या विड्यांच्या गावांमुळे महाराष्ट्राचा या रोगाशी संबंध केवळ रुग्णालयापुरता राहत नाही. गार, निळसर पडलेली बोटे आणि रात्रीची असह्य कळ घेऊन आलेल्या अशा माणसाला घरचे लोक जे हमखास करत ते म्हणजे शेक, आणि कित्येकदा बोटाचे टोक काळे पडण्याची सुरुवात त्या शेकाच्या फोडापासून होई.

असे का व्हावे, याचे उत्तर साधे आहे, पण ते सुचायला रक्ताकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. रक्त शरीराला ऊब देते हे सर्वांना ठाऊक असते. ते ऊब वाहूनही नेते, हे लक्षात येत नाही. निरोगी पायावर गरम पिशवी ठेवली की तेथील वाहिन्या रुंदावतात आणि वेगाने वाहणारे रक्त ती उष्णता इतर शरीरात पांगवते. रोहिणी बुजलेल्या पायात हे वाहून नेणारे पाणीच आटलेले असते, त्यामुळे तीच पिशवी तेथे त्वचेला अधिक तापवते. दुसरे असे की ऊब मिळाली की पेशींचे व्यवहार वेगावतात, दहा अंशांच्या वाढीने ते साधारण दुप्पट होतात, आणि त्यांची प्राणवायूची मागणी वाढते. ज्या पायाला बसल्या जागी जेमतेम पुरेल एवढाच पुरवठा आहे, त्याच्याकडे ही वाढीव मागणी आली तर भूक वाढवून ताट काढून घेतल्यासारखे होते. भाजण्याला उकळते पाणी लागते हा समजही १९४७ मध्ये हार्वर्डमधील मॉरिट्झ आणि हेन्रिकेस यांच्या प्रयोगांनी मोडीत काढला. त्वचेचा पृष्ठभाग ४४ अंश सेल्सियसवर राहिला तर सुमारे सहा तासांत भाजण्याची इजा होते, आणि तेथून ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशागणिक लागणारा वेळ साधारण निम्मा होत जातो, असे त्यांना आढळले. सहा तास हा रात्रीच्या झोपेचा कालावधी आहे. काश्मिरात फिरनखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाविषयी डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ मध्येच लिहिले होते, म्हणजे सौम्य उष्णता दीर्घकाळ एका जागी राहिली तर काय करते याची साक्ष भारताबाहेर शोधण्याची गरज नव्हती.

रबरी पिशवीने आणि तिच्यामागून आलेल्या विजेच्या पिशवीने नेमके हेच दीर्घपण घरात आणले. पुरचुंडी निवत असे, पिशवी तासन्‌तास ऊबदार राहू लागली आणि विजेची पिशवी तर निवेनाच. शेकणाऱ्या माणसाचा हात या व्यवहारातून वजा झाला, आणि झोपलेल्या रुग्णाच्या बधिर पायावर एक वस्तू एकटीच राहिली. सोय वाढली ती याच किमतीवर.

याच काळात महाराष्ट्रात निसर्गोपचाराची चळवळ मूळ धरत होती. बव्हेरियातील धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप आणि लायप्झिगचे लुई कूने यांच्या जलोपचारांचा गांधीजींवर प्रभाव होता, पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले होते, आणि १९४६ मध्ये उरुळी कांचन येथे त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. गरम पादस्नान, म्हणजे डोक्यावर ओला रुमाल ठेवून, अंगाभोवती कांबळे गुंडाळून पाय सोसेल अशा गरम पाण्यात बुडवून बसणे, हा निसर्गोपचारातला परिचित प्रकार याच परंपरेतून मराठी मध्यमवर्गाच्या घरांत शिरला. बादली, पाणी आणि वीस मिनिटांची सवड एवढेच लागत असल्यामुळे तो टिकलाही. निरोगी पाय असलेल्या थकल्याभागल्या माणसाला त्याने बरे वाटते यात शंका नाही, पण रोहिणी बुजलेल्या पायासाठी बादली चुकीच्या अवयवाखाली ठेवली जात होती.

हे विधान चमत्कारिक वाटेल, पण त्यामागे १९३२ मधील एक सुंदर प्रयोग आहे. अमेरिकेतील जॉन गिबन आणि यूजीन लँडिस यांनी माणसांचे हात कोपरापर्यंत गरम पाण्यात बुडवून त्यांच्या पायांच्या बोटांचे तापमान मोजले, आणि ज्या पायांना ऊब दिलीच नव्हती ते पाय काही वेळाने तापू लागल्याचे त्यांना दिसले. हातातून परतणारे तापलेले रक्त मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रापर्यंत पोचते, ते केंद्र शरीराला जादा उष्णता बाहेर टाकण्याचा आदेश देते, आणि त्वचेच्या वाहिन्या आवळून धरणाऱ्या मज्जातंतूंची पकड सर्वत्र सैल पडते, असा त्याचा उलगडा आहे. लंडनमध्ये जॉर्ज पिकरिंग यांनी त्याच सुमारास दाखवले की तापवलेल्या अवयवातील रक्त परत येण्यास अडवले तर हा परिणाम होत नाही. म्हणजे निरोप नेणारे रक्तच आहे. या पद्धतीला परावर्ती उष्णोपचार म्हणता येईल. तिच्यात दुखऱ्या पायाची त्वचा बाहेरून भाजण्याचा धोका राहत नाही, आणि रक्त वाढते ते मागणी वाढण्याच्या आधी. हेच गिबन पुढे १९५३ मध्ये हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक म्हणून जगप्रसिद्ध झाले, आणि हातांच्या बादलीची गोष्ट त्या कीर्तीखाली झाकली गेली.

शल्यचिकित्सकांनी मात्र हात तापवण्याच्या या पद्धतीचा उपयोग वेगळ्याच कामासाठी केला. हात तापवल्यावर ज्याचा पाय तापतो त्याच्या वाहिन्या मुख्यतः आवळलेल्या आहेत, आणि ज्याचा तापत नाही त्याच्या बुजलेल्या आहेत, असा निवाडा या चाचणीने करता येऊ लागला. आवळण्याचा दोष असलेल्यांच्या कमरेतील अनुकंपी मज्जातंतू, म्हणजे वाहिन्यांची रुंदी ताब्यात ठेवणारे तंतू, कापून टाकण्याची शस्त्रक्रिया १९२० च्या दशकात सुरू झाली होती, आणि बर्जरच्या रोगासाठी ती भारतात पुढे कित्येक दशके केली गेली. पायाला आतून कायमची ऊब देण्याचा तो सुरीने केलेला शेकच होता. विडी न सोडणाऱ्यांच्या बाबतीत तिचा लाभ टिकत नसे, ही त्या शस्त्रक्रियेची कायमची अडचण.

उष्णोपचाराकडे गंभीरपणे पुन्हा पाहिले गेले ते जपानमध्ये. कागोशिमा विद्यापीठातील चुवा तेई यांनी हृदय दुबळे झालेल्या रुग्णांसाठी ‘वाओन’ नावाची पद्धत बसवली होती. साठ अंशांच्या कोरड्या, समतापमानाच्या खोलीत पंधरा मिनिटे बसायचे आणि मग पांघरूण घेऊन अर्धा तास पडून राहायचे, एवढाच तिचा विधी आहे. पायांच्या रोहिण्या बुजलेल्या रुग्णांवर तिचा प्रयोग करून वेदना कमी झाल्याचे व चालण्याचे अंतर वाढल्याचे त्यांच्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केले. जेंताकाच्या गोल घराशी या खोलीचे साम्य पाहून अभिमानाने छाती फुगवण्याचा मोह मराठी लेखनात वारंवार दिसतो, पण साम्य आहे ते संपूर्ण शरीर तापवण्यात. तापमान ठरवणे, अंतर मोजणे आणि तुलनेला दुसरा गट ठेवणे ही जेंताकाची परंपरा नव्हे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात बारा आठवडे एका गटाला गरम पाण्यात बसवले व दुसऱ्याकडून देखरेखीखाली व्यायाम करून घेतला, तेव्हा दोन्ही गटांचे चालण्याचे अंतर वाढले आणि रक्तदाब गरम पाण्याच्या गटात अधिक उतरला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष छोट्या गटावरचा असल्यामुळे त्यावरून मोठी इमारत उभारता येणार नाही, पण ज्यांना चालणेच अशक्य आहे त्यांच्यासाठी तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

त्यानंतर अमेरिकेत नियंत्रित तापमानाचे पाणी नळ्यांतून खेळवणारी विजार रुग्णांना घरी देऊन चाचण्या घेण्यात आल्या. रुग्ण ती पायांत चढवून रोज ठरावीक वेळ बसतो, आणि पाण्याचे तापमान यंत्र राखते. पुरचुंडी निवल्यावर जे आपोआप होई ते येथे यंत्राकडून करवून घेतले आहे. मराठी घरांत ही विजार अजून पोचलेली नाही. तेथे बादली आहे, रबरी पिशवी आहे, आणि मधुमेह झालेल्यांचे पाय आहेत. मधुमेही पायांच्या निगेविषयी दिल्या जाणाऱ्या सूचनांत गरम पिशवी, वीट आणि शेगडी यांना मज्जाव असतो, गार पायांसाठी सुती किंवा लोकरी मोजे घालण्यास सांगितले जाते, आणि आंघोळीच्या पाण्यात पाय ठेवण्यापूर्वी रुग्णाने स्वतःच्या पायावर विसंबू नये, ते पाणी कोपराने पाहावे किंवा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आधी त्यात हात घालून पाहावे, असे आवर्जून नमूद केलेले असते.